कुणाच्या मातीला जायचं

आमच्या गावच्या स्टँडवर एक लोखंडी सांगाडा उभा आहे. पूर्वी त्यावर एसटीच्या वेळापत्रकाचा फळा होता. आता फ्लेक्स चढतो. कुणाचा वाढदिवस असला की हसरा फोटो, आणि तोच माणूस गेला की तोच फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. जुना फ्लेक्स काढायचे कष्ट कोणी घेत नाही, त्याच्यावरच नवा ठोकतात. मागं एकदा वावटळीत वरचे तीन-चार थर फाटले, तर खालून एकेक गेलेला माणूस डोकावायला लागला. मधूनच एका युवा नेत्याचा वाढदिवस. तो बिचारा अजून जिवंत आहे, पण त्या ओळीत बसल्यामुळं त्याच्याकडंही लोक जरा वेगळ्या नजरेनं बघत होते.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर गेलेल्याचा फोटो मोठा असतो असं बाहेरच्याला वाटेल. तसं नसतं. खाली जे 'शोकाकुल' असतात त्यांचे फोटो मोजले तर जागा त्यांचीच जास्त भरते.

८ डिसेंबर २०२५ ला पुण्यात बाबा आढाव गेले. वय पंच्याण्णव. बातमी नातवानं मोबाईलवर वाचून दाखवली. आमच्या सांगाड्यावर बाबांचा फ्लेक्स लागला नाही. त्यांना ओळखणारी माणसं आमच्या गावात चार-दोन, आणि त्यातला कुणीही निवडणुकीला उभा राहणारा नाही. मला वाटलं, आपण त्यांच्यावर चार ओळी लिहाव्यात. वही घेऊन बसलो. दोन दिवस बसलो. बाबांवर लिहायला गेलं की मधे दुसराच एक माणूस येऊन उभा राहायचा, आणि तो तर कुणाच्याच फ्लेक्सवर नव्हता. शेवटी ठरवलं की येतोय तर येऊ द्यावा.

पण सुरुवात आबासाहेबांपासून करावी लागेल.

सांगोला तालुक्यातल्या माणसाला आबासाहेब कोण हे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्ष. १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले आणि एकाच तालुक्यातून अकरा वेळा निवडून आले. दोनदा पडले, १९७२ ला आणि १९९५ ला, आणि दोन्ही वेळा त्याच लोकांत पुन्हा फिरत राहिले. एसटीनं फिरणारा आमदार म्हणून सगळ्या महाराष्ट्राला त्यांचं कौतुक होतं. आम्हाला त्याचं फारसं वाटायचं नाही, कारण आम्हीपण एसटीनंच फिरायचो. आम्हाला वाटायचं ते वेगळं. माण नदीच्या कोरड्या वाळूकडं बघत आयुष्य काढलेल्या तालुक्यात सूतगिरणी उभी राहिली, आमच्या भावकीतले दोघं तिथं कामाला लागले. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरायची, तिथं आबासाहेब असायचे. कृष्णेचं पाणी चढ चढून आमच्याकडं येईल हे तेव्हा ऐकायला किर्तनातल्या चमत्कारासारखं लागायचं. टेंभूच्या कालव्याला पाणी आलं तेव्हा म्हातारी माणसं काठावर जाऊन नुसती बसायची.

मी त्यांच्याशी आयुष्यात एकही वाक्य बोललो नाही. सभेत लांबून बघितलं एवढंच. तरी ३० जुलै २०२१ ला रात्री सोलापुरात ते गेल्याचं कळलं तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं पोटात कालवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलवर तिघं बसून सांगोल्याला मातीला गेलो. तोंडाला फडकं होतं, पण गर्दीत कुणाचा खांदा कुणाला लागत नव्हता असं नाही. माझ्या पुढं एक म्हातारा होता, पायात चप्पल नाही, मोठमोठ्यानं रडत होता. त्याला बघून माझंही तोंड आवरेना. मोकळा झालो. येताना अंग हलकं वाटत होतं, खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. आपण एका मोठ्या गोष्टीत होतो असं.

संध्याकाळी वस्तीच्या वाटेवर मामाचा पोरगा शेरडं घेऊन येताना भेटला.

"अण्णा, मातीला गेलतासा?"

"व्हय."

"लई गर्दी हुती म्हणं."

"लई."

"बरं झालं," म्हणाला, आणि शेरडांच्या मागं निघून गेला.

एवढंच. त्याच्या आवाजात काही नव्हतं. टोमणा मारणारा तो पोरगा नाही. पण मी त्या बांधाजवळ अंधार पडेपर्यंत उभा राहिलो, कारण अडीच महिन्यांपूर्वी, १३ मे ला, त्याचा बाप मेला होता आणि मी त्या मातीला गेलो नव्हतो.

मामा म्हणजे माझा मामा नव्हे. माझी पोरं त्याला मामा म्हणायची, म्हणून इथं मामाच म्हणतो. मी त्याला नावानंच हाक मारायचो, अरे-तुरे करायचो, आणि तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा असून मला अण्णा म्हणायचा. १९८४ च्या पाडव्याला तो आमच्याकडं सालानं राहिला. पहिल्या वर्षी अठराशे रुपये, चार पोती ज्वारी, दोन धोतरं, पटका, पायताण. २००६ च्या पाडव्याला त्याचं शेवटचं साल संपलं. बावीस वर्षं. पाडव्याला नारळ फोडून साल ठरायचं आणि दरवेळी आधीची उचल फिटलेली नसायची, ती नव्या सालात चढायची. हे सगळं माझ्या वहीत आहे. माझं अक्षर बरं आहे, आकडे तर फारच बरे.

त्याच्या कामाचं सांगायला बसलो तर दुसरं पुस्तक होईल. बैल आजारी पडायच्या आदल्या दिवशी त्याला कळायचं. बैलानं रवंथ सोडायच्या आधी कान कसा पडतो ते त्यानं मला दाखवलं होतं, मला कधीच दिसलं नाही. विहीर दोनदा खोल केली, दोन्ही वेळा तळाला तोच होता. १९९१ ला माझे वडील गेले. पावसाळ्याचे दिवस, लाकडं ओली. मामानं गोठ्याचं जुनं आढं काढून रात्रीतनं फोडलं, म्हणून वडिलांची चिता पेटली. खांदा द्यायला त्याला कुणी बोलावलं नाही. तोही पुढं आला नाही. लाकडं मात्र सगळी त्याची.

त्यांचं मसणवट ओढ्याच्या पलीकडं आणि आमचं अलीकडं. यापेक्षा जास्त सांगायची गरज महाराष्ट्रातल्या माणसाला नसावी.

मामा मेला तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. तपासणी झाली नाही, ताप होता आणि धाप होती, घरीच गेला. मयतीला वीस माणसांचा नियम होता. मी मनाला सांगितलं, वीस तर त्यांच्या भावकीतलेच होतील, आपण कशाला एकविसावे. आणि भीती खरी होती, ते खोटं बोलत नाही. त्या महिन्यात मोबाईल वाजला की पोटात गोळा यायचा. नंतर कळलं, ओढ्याच्या पलीकडं सात माणसं होती. दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. आमच्या घरी पितरांना केळी-करा पुजला, पुरणपोळीचं पान वाढलं, वडिलांच्या नावानं पाणी सोडलं. ज्याच्या लाकडावर ते जळले त्याची राख तेव्हा ओढ्यापलीकडं गरम असंल. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. जुलैमध्ये शेरडांच्या मागं उभं राहिल्यावर सुचलं.

आता प्रश्न असा, की ज्याच्याशी एक वाक्य बोललो नाही त्याच्यासाठी माझं तोंड आवरेना, आणि ज्यानं बावीस वर्षं माझ्या घरचं जू ओढलं त्याच्यासाठी मी ओढा ओलांडला नाही. यात माझं कोणतं रडणं खरं?

पहिलं उत्तर मी भीतीचं देऊन बघितलं. मे महिन्यात लाट होती, जुलैत ओसरली होती, मला एक लस झाली होती. हे उत्तर अर्ध्यापर्यंत पुरतं. पुढं पुरत नाही, कारण जूनमध्ये मी त्याच्या दारावरनं चार वेळा गेलो आणि गाडी थांबवली नाही. सांत्वनाला वीस माणसांचा नियम नव्हता.

खरं कारण मला असं दिसतं. मोठ्या माणसाच्या मातीला आपण गर्दी असतो. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, कुणी काही विचारत नाही. रडलं तरी चालतं, नाही रडलं तरी चालतं. मामाच्या दारात मी गर्दी नव्हतो, मालक होतो. त्याच्या बायकोनं नुसतं वर बघितलं असतं तरी ती माझी वही असती.

आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्याशी मी हे बोललो. ते म्हणाले, "तू दोन गोष्टींची गाठ उगाच मारतोस. मोठ्या माणसाचं स्मरण ही सगळ्यांची इस्टेट आहे. ते गावानं, तालुक्यानं करायचं असतं. आणि घरच्या गड्याचं दुःख हे तुझं खाजगी. एक केलंस म्हणून दुसरं खोटं होत नाही." गुरुजींचं बोलणं वजनदार आहे आणि मी ते झिडकारत नाही. माझ्या बायकोचंच बघा. ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या, रविवार होता. ती दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी धार काढताना रडत होती. मी जरा चेष्टेनं म्हणलं, "तुझी काय ओळख?" तर म्हणाली, "मी बाईला रडत नाही. माझ्या रेडिओला रडतीया." लग्नात तिच्या भावानं दिलेला रेडिओ होता. खुरपताना तो बांधावर, धार काढताना गोठ्यात खुंटीवर. सासरी आल्यावर पहिली तीन वर्षं त्या घरात तिच्याशी नीट बोलणारं तेवढंच होतं. हे तिनं मला चाळीस वर्षांनी सांगितलं, तेही लताबाई गेल्या म्हणून. त्या रडण्याला मी खोटं कसं म्हणू. त्यात मला आणि माझ्या आईला काय ऐकावं लागलं ते वेगळं.

म्हणजे लांबच्या माणसासाठी रडणं खोटं नाही. माझी शंका दुसरीकडं आहे, आणि ती मला डॉ. स्वामीनाथन गेले तेव्हा आली.

२८ सप्टेंबर २०२३ ला ते चेन्नईत गेले, वय अठ्ठ्याण्णव. स्टँडवर बातमी आली तेव्हा एक पोरगा म्हणाला, "आजून जित्ते हुते व्हय?" त्याचा दोष नाही. आमच्याकडं स्वामीनाथन हे माणसाचं नाव राहिलंच नव्हतं, मागणीचं नाव झालं होतं. २००४ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शेतकरी आयोग बसला, २००६ पर्यंत पाच अहवाल आले, त्यात उत्पादन खर्चावर पन्नास टक्के जास्त हमीभाव द्यावा अशी शिफारस होती. तेव्हापासून 'स्वामीनाथन लागू करा' म्हणून आम्ही रस्त्यावर बसलो. मीपण बसलोय, हायवेवर, कांद्याच्या पोत्यावर. त्यांचा फ्लेक्स लागला आमच्याकडं, त्यावर पन्नास टक्के मोठ्या अक्षरात होतं.

पण याच माणसानं १९६८ च्या जानेवारीत, वाराणसीच्या विज्ञान परिषदेत, म्हणजे हरितक्रांतीचे ढोल नुकते वाजायला लागले होते तेव्हा, सांगून ठेवलं होतं की जमिनीचा कस न राखता, पाण्याचा विचार न करता, औषधं मारत पिकं ओरबाडली तर शेवट वाईट होईल. पीक वाढवणाऱ्यानंच सांगितलेलं. हे मी त्यांच्यावरच्या एका लेखात वाचलं. ते कुणी फ्लेक्सवर घातलं नाही. मीही घातलं नसतं. माझ्या रानात पाच बोअर आहेत, त्यातले तीन कोरडे, आणि डाळिंबावर तेल्या आला की मी दुकानदार देईल ती बाटली मारत आलोय. पन्नास टक्के सरकारनं द्यायचे आहेत. कस मला राखायचा आहे.

तिथं माझी ट्यूब पेटली. गेलेल्या मोठ्या माणसाचं आपण तेवढंच उचलतो, ज्यात बाकी दुसऱ्याकडं निघते. ज्यात बाकी आपल्याकडं निघते तो भाग आपण त्याच्याबरोबर जाळून मोकळे होतो. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, ते ठीकच आहे. पण त्यानं आपल्याबद्दल जे वाईट सांगितलं तेही आपण बोलत नाही, हे कुठल्या रीतीत बसतं?

आबासाहेबांचंच घ्या. आम्ही त्यांचा साधेपणा आठवतो, एसटी आठवतो. साधेपणा आमदारानं दाखवायचा असतो. त्यांच्या पक्षाच्या नावात शेतकरी होता आणि कामगारही होता. मी साठ वर्षं त्यातला पहिलाच शब्द वाचला.

म्हणून बाबा आढावांवर लिहायला बसलो की मामा येतो. कारण बाबांचा कुठलाही भाग उचलला तरी बाकी माझ्याकडंच निघते.

पहिली पाण्याची. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा आणि मामा चौदाचा. दुष्काळी कामावर दोघंही खडी वाहायचो, सुकडी एकाच वेळी मिळायची, खायला बसायचो लांबलांब. गावात एकाच विहिरीला पाणी होतं. मामाची आई घागर घेऊन काठापासून आठ-दहा हात लांब उभी राहायची, कुणी ओतील याची वाट बघत. माझी आई ओतायची. वरून, हात लांब करून. माझी आई चांगली बाई होती म्हणून ओतायची, बाकीच्या बायका आपलं भरून निघून जायच्या. मला लहानपणी आईचा फार अभिमान वाटायचा. पुढं त्याच दशकात बाबांची 'एक गाव एक पाणवठा' चळवळ उभी राहिली, गावोगाव जाऊन ते विचारायचे की विहीर सगळ्यांची आहे का. आमच्या गावात ते आले नाहीत. आले असते तर आमच्या लोकांनी सांगितलं असतं, आमच्याकडं तसलं काही नाही, आमच्या बायका स्वतः ओतून देतात.

दुसरी बाकी हमालीची. नव्वदच्या दशकात मी डाळिंब घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जायचो. रात्रभर गाडीत, पहाटे माल उतरायचा. पट्टी हातात आली की अडत, तोलाई, हमाली कापलेली असायची. अडत्याला काही बोलायची सोय नव्हती, पुढच्या खेपेला भाव त्याच्याच हातात. म्हणून राग हमालावर. आम्ही शेतकरी गाडीत परत येताना हमालांना आणि त्यांच्या युनियनला शिव्या द्यायचो, आणि युनियन म्हणजे बाबा आढाव. हे मी लपवत नाही. ज्या माणसावर श्रद्धांजली लिहायला बसलो त्याला मी दहा वर्षं गाडीच्या टपाखाली बसून शिव्या घातल्यात.

पण जेवायला मी त्यांच्याकडंच जायचो. हमाल पंचायतीची 'कष्टाची भाकर' १९७४ पासून पुण्यात आहे. कमी पैशात पोटभर भाकरी. हॉटेलात बसायची ऐपत नसलेल्याची पुण्यातली हक्काची जागा. एकदा तिथं शेजारी एक म्हातारा हमाल जेवत होता. बोलण्यावरनं कळलं, तो आमच्याच बाजूचा, बहात्तरच्या दुष्काळात पुण्याला आलेला. हात असे की भाकरी त्याच्या पंजात पापडासारखी दिसत होती. त्या महिन्यात तो काम सोडणार होता. मी विचारलं, आता पुढं काय? म्हणाला, फंड मिळंल, ग्रॅच्युइटी मिळंल, गावाकडं घराला पत्रा टाकीन. मी म्हणलं, हमालाला ग्रॅच्युइटी? तर त्यानं मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. १९६९ चा माथाडी कायदा, मंडळ, मंडळात पैसे कसे जमा होतात, बोनस कसा. मग सहज विचारलं, "तुमच्याकडं गडी आहे का सालाचा?"

"आहे की."

"किती वर्षं?"

"पंधरा झाली."

"त्याला काय देता सोडताना?"

मी म्हणलं, "आमच्याकडं तसलं नसतंय." तो काही बोलला नाही. ताटात उरलेला कांदा त्यानं माझ्या ताटात ठेवला. मला त्या कांद्याचा राग आला होता, तो राग अजून आठवतो.

हा माणूस नुसता ओझं वाहायचा. मामा ओझं वाहायचा, बैल सांभाळायचा, राखण करायचा, बाळंतीण म्हशीजवळ रात्र काढायचा. एकाला कायदा होता कारण त्यांच्यात कुणीतरी पन्नास-साठ वर्षं उभं राहिलं. दुसऱ्याला मी होतो.

२००६ ला मी ट्रॅक्टर घेतला, बैल विकले, सगळीकडं ठिबक केलं. गड्याची गरज उरली नाही. पाडव्याला मामाला धोतरजोडी दिली, टोपी दिली आणि अंगावर राहिलेली दोन हजार आठशे रुपयांची उचल सोडून दिली. गावात सांगत होतो, उचल सोडली म्हणून. लोक म्हणाले, मन मोठं आहे. मामानं पाया पडायला हात पुढं केले ते मी पडू दिले, हेही लिहितो.

डिसेंबरात बाबा गेल्यावर जुनी वही काढली. शेवटच्या सालाचे अठरा हजार होते, म्हणजे महिना पंधराशे. ग्रॅच्युइटीचा हिशेब नातवाकडनं समजून घेतला. महिन्याचे सव्वीस दिवस धरून पंधरा दिवसांचा पगार, गुणिले वर्षं. एकोणीस हजार अडतीस रुपये निघाले. बावीस वर्षांचे. दहा-बारा क्रेट डाळिंबाला चांगला भाव लागला की येतात एवढे. मला वाटत होतं आकडा फार मोठा निघंल आणि मग आपल्याला जमणार नाही म्हणता येईल. तसं म्हणायला जागा राहिली नाही.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आणि वीस वर्षांचं व्याज? सोसायटी तुम्हाला बिनव्याजी देती का?" व्याज किती धरायचं यावर आमचं आठ दिवस चाललं. तो आकडा आमच्या दोघांत राहू दे.

जानेवारीत एका संध्याकाळी गेलो. पोरानं खाट टाकली. मी पैसे पुढं केले आणि कशाचे ते सांगायला लागलो, हमाल, मंडळ, बाबा आढाव. माझं मलाच ते भाषण वाटायला लागलं. त्यानं ऐकून घेतलं. मग पैसे मोजले. दोनदा मोजले, थुंकी लावून. म्हणाला, "म्हातारा असता तर त्यानं घेतलं नसतं. मी घेतो. मोटर जळालीया." मी म्हणलं, घे. त्यानं माफ केलं असं काही नाही, आणि मीही ते मागायला गेलो नव्हतो. निदान तसं म्हणतो तरी.

मी त्याला सांगितलं की तुझ्या बापावर लिहितोय. तो जरा वेळ गप्प बसला. म्हणाला, "लिवा. पर नाव नगा लिवू. पोरगी कालिजात हाय माझी. कुणीतरी वाचंल आनि म्हणंल, हिचा आजा गडी हुता." मोठ्या माणसांची नावं रस्त्याला, चौकाला, शाळेला देतात, आणि इथं एका माणसाला आपल्या बापाचं नाव झाकायचंय. मी कबूल केलं. म्हणून तो या लेखात मामाच आहे.

उठताना आतनं मामाची बायको बाहेर आली. डोळ्याला दिसत नाही आता तिला, आवाजाच्या अंदाजानं तोंड करून बोलते. म्हणाली, "अण्णा, आकितीला त्याचं पान असतंय. जेवाय या." मी हो म्हणायच्या आधीच पुढं म्हणाली, "आता चालतंय न्हवं?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आकितीला आपल्याच घरी पान असतं, मामंजींचं. मी म्हणलं, ते सकाळी लवकर उरकू. ती म्हणाली, पुरण पहाटेच शिजवायला टाकावं लागंल मग, आणि डाळ यंदा घरची नाही, आणावी लागंल.